‘लिपीचं भाषांतर’ आणि लिंपणाचा गैरसमज

खानापूरच्या एका कथालेखकाचा प्रश्न असा: विज्ञानकथेतले परग्रहवासी हवेत प्रकाशाच्या खुणा उमटवतात. तिथं ‘शास्त्रज्ञांनी त्यांच्या लिपीचं भाषांतर केलं’ हे वाक्य चालेल का? शिवाय लिपी म्हणजे लिंपलेलं, प्रकाशाला तो शब्द शोभत नाही, असं एका जाणकारानं सांगितलंय. ते खरं का?

वाक्य चालणार नाही. भाषांतर भाषेचं होतं. लिपी वाचतात, उकलतात. मजकूर दुसऱ्या लिपीत उतरवला तर ते लिप्यंतर. निदान सीमाभागात तरी हा घोळ होऊ नये. बेळगावात कन्नड अक्षरांत ‘स्वीट मार्ट’ लिहिलेलं असतं. ते वाचायला कानडी यावी लागत नाही, अक्षरं लागली की झालं. जवळच्याच हलशीला सापडलेल्या कदंब राजांच्या ताम्रपटांची लिपी दाक्षिणात्य, भाषा संस्कृत. आणि तरी ‘आजोबांना मोडी भाषा येत होती की!’ हे रोज कानावर आदळतं. मोडी ही लिपी हो, भाषा मराठीच!

‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतली ऑरेबेश लिपीही तशीच: मुखवटा परका, आत सरळ इंग्रजी. कथेतल्या शास्त्रज्ञाला खरं काम द्यायचं तर त्याला आधी वेगवेगळी चिन्हं मोजू द्या. वीस-चाळीस भरली तर बहुधा एका ध्वनीला एक चिन्ह. शंभरच्या आतबाहेर असली तर का, कि, कु अशा प्रत्येक उच्चारखंडाला एक चिन्ह. कित्येक शेकडे झाली तर शब्दचिन्हांचा संशय घ्यावा. लिनिअर बी या प्राचीन ग्रीसमधल्या लिपीची ध्वनिचिन्हं नव्वदच्या आसपास. मायकेल व्हेंट्रिसनं १९५२ मध्ये ती उकलली तेव्हा आत ग्रीक निघाली. मोजताना फसगत होते ती जोडचिन्हांनी. देवनागरी न जाणणारा क, कि, कु, क्र ही चार स्वतंत्र चिन्हं धरील आणि आकडा भलतीकडे नेईल.

मग लेखांचे शेवट पाहावेत. सांचीच्या कठड्यांवरच्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात हे जेम्स प्रिन्सेपनं हेरलं, देणगीच्या नोंदी असणार म्हणून ‘दानं’ वाचलं, आणि १८३७ मध्ये ब्राह्मी सुटली. पण त्याला आतली भाषा ओळखीची होती. परग्रहावर ती सोय नाही. प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन भाषेची अक्षरं सगळी वाचता येतात, अर्थ मात्र थोडाच लागतो. तेव्हा कथेत एखादा द्विभाषी लेख किंवा चित्राखालचा मजकूर पेरा, नाहीतर उकल झाली हे कुणी मानणार नाही.

आता लिंपणाकडे. ‘लिप्’ (लिंपणं) हा धातू दाखवून मोकळं होणाऱ्यांनी अशोकाचे वायव्येकडचे लेख उघडावेत. आजच्या पाकिस्तानातल्या शाहबाजगढी आणि मानसेहऱ्याला, धर्मलेख या अर्थी, ‘धम्मलिपि’ नाही, ‘ध्रमदिपि’ आहे. ‘दिपि’ हा जुन्या फारसीतला लेखाचा शब्द. त्याच्यामागे इराण-इराककडच्या प्राचीन भाषांतले शब्द: एलामी तुप्पी, अक्कादी तुप्पु आणि सर्वांत मागे सुमेरी ‘दुब’, म्हणजे मातीची पाटी! शाहबाजगढीत लिहिण्यालाही ‘निपिस्त’ असा फारसी वळणाचाच शब्द आहे. संस्कृतचा जर्मन पंडित ब्यूलर यानं ‘लिपी’ शब्दाचं मूळ इथंच दाखवलं. सरहद्दीवर शब्द आत आला, पुढं ‘लिप्’च्या ओढीनं द चा ल झाला. व्याकरणकार पाणिनी एकाच सूत्रात ‘लिपि’ आणि ‘लिबि’ दोन्ही देतो. मूळ ‘लिप्’च असतं तर हा ब कुठून आला, ते धातूवाल्यांनी सांगावं. बोलीभेद म्हणून हात झटकू नयेत. बाहेरून आलेल्या शब्दाची रूपं अशी डळमळतात. दिपि हा देशीच शब्द असंही काही विद्वान म्हणतात. मग तो नेमका एकेकाळी फारसी साम्राज्याखाली असलेल्या मुलखातच का सापडावा?

याच ‘दिपि’पासून फारसीत लेखनिकाला ‘दबीर’ झाला, आणि तो शिवकाळात ‘डबीर’ होऊन परराज्यांचा कारभार पाहू लागला. राज्याभिषेकानंतर त्याचा सुमंत झाला. म्हणजे आपल्याकडच्या डबीर आडनावाची लिपीशी सोयरीक आहे, लिंपणाशी नाही. प्रकाशाच्या खुणांना बेधडक लिपी म्हणा.