पेट्रीडिशमध्ये वलय आलं, मग खिम्यात अर्क का चालला नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेवग्याच्या पानांच्या अर्कानं आगरवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) अर्कात भिजवलेल्या चकतीभोवती छान स्वच्छ, म्हणजे जंतू न वाढलेलं वलय दिलं, पण तोच अर्क खिम्यात मिसळून ४ अंश सेल्सिअसला ठेवला तर जंतुसंख्या साध्या खिम्याइतकीच भरली. आता अर्काची मात्रा वाढवू का?

माझं मत स्पष्ट आहे, मात्रा वाढवू नका. आधी काय मोजताय ते बदला. पानांच्या बहुतेक अर्कांचं मांसातलं खरं काम जंतू मारणं हे नाहीच. चरबी खवट होऊ न देणं आणि लाल रंग टिकवणं, यात ते हुशार आहेत.

आगरवर अर्काच्या वाटेत फारसं काही येत नाही. खिम्यात मात्र पॉलिफेनॉल (पानांतले तुरट फेनॉल-घटक, अर्काचा मुख्य ऐवज) प्रथिनांना चिकटतात, तेलात विरघळणारे घटक चरबीत जाऊन बसतात आणि जंतू वाढतात ते पाण्याच्या भागात. त्यामुळे आगरवर पुरणारी मात्रा मांसात कित्येक पटींनी कमी पडते. दुसरं, आगरवर तुम्ही कोणता जंतू घेतला होता? बहुतेक प्रकल्पांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो. तो ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे बाहेरचं जादा पटल नसलेला, म्हणून वनस्पतिजन्य घटकांपुढे तुलनेनं लवकर नमतो. थंड जागी, हवा लागत असलेल्या मांसावर राज्य असतं स्युडोमोनास या बिघाड करणाऱ्या जंतूचं. तो ग्रॅम-निगेटिव्ह आहे आणि त्याचं बाहेरचं पटल असे बरेच घटक आत शिरूच देत नाही. म्हणजे तुमचा प्रयोग फसलेला नाही, वलयानं वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. वलयाच्या आकारावरही फार विसंबू नका. मोठे रेणू आगरमधून नीट पसरत नाहीत, त्यामुळे चांगला अर्कसुद्धा लहान वलय देतो. बिघडलेल्या मांसातूनच स्युडोमोनास वेगळा काढा आणि द्रव माध्यमात किमान रोधक मात्रा (जंतूची वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा) तपासा.

आता ज्या कामात अर्क खरोखर उपयोगी पडतो ते बघू. खिमा करताना पेशी फुटतात, मायोग्लोबिनमधलं (मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनातलं) लोह, हवेतला ऑक्सिजन आणि पेशीपटलांतली असंतृप्त चरबी एकमेकांच्या संपर्कात येतात आणि खवटपणाची साखळी सुरू होते. मीठ घातलं तर ती आणखी वेग घेते. त्याच वेळी मायोग्लोबिनचं मेटमायोग्लोबिन होऊन मांस तपकिरी दिसू लागतं. रोझमेरीच्या पानांतलं कार्नोसिक आम्ल आणि कार्नोसोल, चहाच्या पानांतले कॅटेचिन, ऑलिव्हच्या पानांतलं ओल्यूरोपिन हे सगळे ही साखळी मध्येच तोडतात. युरोपीय संघानं २०१० साली रोझमेरीच्या अर्काला ई ३९२ या खाद्य-मिश्रक क्रमांकानं मान्यता दिली ती अँटिऑक्सिडंट (ऑक्सिडीकरण रोखणारा पदार्थ) या नात्यानं, जंतुनाशक म्हणून नव्हे. (तीसुद्धा ठरावीक पदार्थांपुरती. अर्क नैसर्गिक आहे म्हणून ताज्या मांसात सरसकट घालायला मोकळीक मिळत नाही.) तेव्हा तुमच्या नमुन्यांचं टीबीए मूल्य (चरबी किती खवट झाली याचं माप) आणि रंगाचं लाल मान (रंगमापकावर दिसणारा लालपणा) रोज मोजा. फरक दिसायचा असेल तर तो आधी तिथे दिसेल.

मात्रा वाढवायला माझा विरोध आहे त्याची कारणं चव आणि रसायन दोन्हींत आहेत. जास्त अर्कानं मांस तुरट आणि हिरवट होतं. अर्कातलं क्लोरोफिल प्रकाशात उलट ऑक्सिडीकरण वाढवतं, म्हणजे दिव्याखाली ठेवलेल्या पारदर्शक पाकिटात तुम्ही स्वतःच्याच विरोधात काम करत असता. शिवाय काही फेनॉल जास्त प्रमाणात लोहाला पुन्हा क्रियाशील रूपात आणतात आणि खवटपणाला हातभार लावतात. अर्काऐवजी नुसती पानांची पूड घालायचा विचार असेल तर तो सोडा, वाळवलेल्या पानांबरोबर बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम या जंतूंचे चिवट बीजाणू आत येतात.

याच चर्चेत कुणीतरी ‘अर्क चोळला की फ्रिज नको’ असं लिहिलंय. कृपया हे करू नका. ताज्या मांसाचा पीएच साधारण ५.५ ते ५.८ आणि पाणी भरपूर, जंतूंना यापेक्षा सोयीचं काय हवं? वास आणि चिकटपणा येतो तो बिघाड करणाऱ्या जंतूंमुळे, तेही ग्रॅममागे एक कोटीच्या आसपास झाल्यावर. आजार करणारा साल्मोनेला असा इशारा देत नाही. तसाच आजार करणारा लिस्टेरिया तर ४ अंशांनाही हळूहळू वाढतो. अर्कानं खवट वास दाबला आणि रंग लाल राहिला तर माणूस उलट निर्धास्त होतो. मला या विषयातली सगळ्यांत मोठी काळजी हीच वाटते. म्हणून वास-रंगावरून मिळालेले जादा दिवस अहवालात ‘सुरक्षित दिवस’ म्हणून लिहू नका.

जंतूंवरच काम करायचं असेल तर अर्काला एकटं पाडू नका. निर्वात पाकीट, सौम्य लॅक्टिक आम्ल आणि कडक थंडी यांच्या जोडीला तो द्या. स्युडोमोनासला ऑक्सिजन लागतो, त्यामुळे निर्वात पाकिटात त्याची वाढ खुंटते आणि उरलेलं काम अर्काला झेपण्याइतकं हलकं होतं.

पुढच्या फेरीत दोन दुरुस्त्या करा. अर्काची मात्रा पानांच्या वजनावर न ठेवता एकूण फेनॉलवर ठेवा, कारण झाडाचं वय, हंगाम आणि वाळवण्याची पद्धत यांनुसार त्याच वजनाच्या पानांत फेनॉल कमीजास्त असतात. आणि अर्क इथेनॉलमध्ये काढला असेल तर तेवढंच इथेनॉल घातलेला, पण अर्क नसलेला खिमा वेगळा ठेवा. तो नमुना नसेल तर दिसलेला परिणाम पानांचा की इथेनॉलचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.