पाट्यांमध्ये गोष्ट चालूच असते

प्रश्न: परवा घरी 'वॉल-ई' लावला होता. पिक्चर संपला म्हणून मी रिमोट उचलला तर माझी नऊ वर्षांची मुलगी ओरडलीच, आई थांब ना, अजून संपलं नाहीये! बघते तर नावं सुरू झालेली आणि सोबत गुहेतल्यासारखी चित्रं हलतायत. नावांसाठी एवढी मेहनत का घेतात? नुसती सजावट असते का ती?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: ताई, लेकीचंच बरोबर आहे, तिला थांबवू नका. २००८ च्या या पिक्चरचा शेवट आठवा, सातशे वर्षं यानात बसून सुस्तावलेली माणसं पृथ्वीवर उतरतात, हातात काय तर जुन्या बुटात उगवलेलं एक रोपटं. आता ही माणसं जगणार कशी? पिक्चर ते सांगतच नाही, ते सांगतात या शेवटच्या नावांच्या पाट्या. आधी गुहाचित्रं, त्यात माणसं आणि रोबो मिळून शेकोटी पेटवतात, मग इजिप्तच्या भिंतींवरच्यासारखी चित्रं येतात, पुढे ग्रीक धाटणी, मग जुन्या थोर चित्रकारांसारखी रेखाटनं, असं करत करत थेट चित्रकार व्हॅन गॉगच्या शैलीपर्यंत, आणि तोवर शेती उभी राहिलेली असते, पाण्यात मासे आलेले असतात. चित्राची शैली बदलली की समजायचं काळ पुढे सरकला, एकही संवाद लागत नाही! शेवटी एक डेरेदार झाड दिसतं, तिथे वॉल-ई आणि ईव्ह हे दोघे रोबो, आणि नजर मुळांवरून खाली खाली जाते तर मातीत तोच बूट. मला तर दरवेळी तिथे भरून येतं.

सुरुवातीच्या टायटल्सचं काम वेगळं, ती म्हणजे आपल्या संगीत नाटकातली नांदी, पुढे काय रंग भरणार याची चाहूल देणारी. २००२ चा 'कॅच मी इफ यू कॅन' मिळाला तर सुरुवात चुकवू नका. सपाट रंगांवर छोट्या काळ्या आकृत्या पळतात, एक पुढे, एक मागावर, पुढचा सारखा वेष बदलतो, आणि नावांमधल्या अक्षरांचे दांडे लांबच लांब ताणले जाऊन त्यांच्याच वाटा होतात. फ्रान्सच्या कुंटझेल आणि देगास या जोडीने या आकृत्या चक्क शिक्के कोरून, शाईत बुडवून उठवल्यात, म्हणून त्यांच्या कडा जरा खडबडीत दिसतात, हातच्या वाटतात. सोबत जॉन विल्यम्सचं दबक्या पावलांचं जॅझ, पहिल्या चुटकीलाच कळतं की हा पाठलाग आहे, पण खेळकर.

एक मात्र करा, बऱ्याच ॲपवर नावं आली की चित्र कोपऱ्यात आक्रसतं आणि पुढचा पिक्चर सुरू व्हायला बघतो, तेव्हा लगेच त्या छोट्या चौकटीवर क्लिक करून ते परत मोठं करायचं. आणि तो बूट आला की पॉज करून लेकीला विचारा, हा कुठला गं?