गंजी आतून का तापते आणि बंब विहिरीचं पाणी का ओढत नाही

सुगी आणि गळीत हंगाम सुरू झाला की या सदराकडे आगीचेच प्रश्न जास्त येतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागांतून आलेल्या काही प्रश्नांची उत्तरं गावोगाव अग्निसुरक्षेचा सल्ला देणाऱ्यांकडून.

प्रश्न : भाताची मळणी झाल्यावर पिंजराची (भाताच्या पेंढ्याची) गंजी रचली. मध्ये एक पाऊस झाला होता. आता तीन आठवड्यांनी आंबूस वास येतो, पहाटे वरून वाफ निघते. शेजारी म्हणतात दव आहे. दुर्लक्ष करावं का? (नंदगड, ता. खानापूर)

नको. दव गंजीच्या अंगावर पडतं, आतून वर येत नाही. ओलसर पिंजरात जिवाणू वाढतात आणि त्यांच्यामुळे गंजी तापते. मोठ्या गंजीच्या पोटातली ही ऊब बाहेर पडायला वाट नसते. साधारण 70 अंशांच्या पुढे जिवाणू मरतात, पण तोवर पिंजर स्वतःच हवेशी रासायनिक प्रक्रिया करून तापायला लागलेलं असतं. म्हणून कुणी काडी न लावताही गंजी पेटते, तीही रचल्यापासून दोन ते सहा आठवड्यांत. तुमची गंजी नेमकी त्याच मुदतीत आहे.

सात-आठ फुटांची लोखंडी सळई घ्या. तीन-चार बाजूंनी, जमेल तितकी गंजीच्या मध्यापर्यंत खुपसा. पंधरा-वीस मिनिटं आत राहू द्या, मग ओढून आतलं टोक मुठीत धरा. आरामात धरवलं तर रोज एकदा तपासत राहा. गरम लागलं पण धरवलं, तर सकाळ-संध्याकाळ तपासा. हात झटकावा लागला तर आजच हालचाल करा. करपल्यासारखा किंवा तंबाखूसारखा वास येत असेल तर सळईचीही वाट बघू नका.

इथे हमखास एक चूक होते. घाबरून सगळे कोयते-दाताळं घेऊन गंजी फोडायला धावतात. आत धुमसत असतं, पण हवा नसल्यामुळे ज्वाळा नसते. गंजी फोडली की हवा मिळते आणि भडका उडतो. म्हणून आधी गोठा मोकळा करा, 112 किंवा 101 ला फोन करा आणि पाण्याची पिंपं व चालू पाइप हाताशी ठेवा. त्यानंतरच कडेकडेने पिंजर ओढा, उघड्या जमिनीवर पातळ पसरा आणि भिजवा. गंजीवर कुणालाही चढू देऊ नका. आत जळून पोकळी झाली असेल तर माणूस सरळ तीत जातो.

पुढच्या वर्षी पिंजराला दोन-तीन कडक उन्हं द्या. खाली दगड किंवा फळ्यांचा माच करा. एका मोठ्या गंजीऐवजी दोन लहान रचा. घर आणि गोठ्यापासून निदान पन्नास फूट अंतर ठेवा. जनावरांना वैरण काढायला सोपं जातं म्हणून गोठ्याला टेकून गंजी घालतात, आणि अशा आगीत जनावरं आधी जातात.

प्रश्न : उसावरून विजेच्या तारा गेल्यात. वारा सुटला की एकमेकींना लागून ठिणग्या पडतात. तोंडी सांगून झालं. (चिक्कोडी तालुका)

तोंडी सांगण्याचा काही उपयोग नाही. हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या. त्यात खांबाचा क्रमांक, गट क्रमांक आणि झोल पडलेल्या तारांचा फोटो असू द्या. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्ज कन्नडमध्ये असेल तर टेबलावरून लवकर पुढे सरकतो, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 1912 वर तक्रार केलीत तर तिचा नंबर अर्जावर लिहा. पुढे ऊस जळाला तर भरपाई मागताना हीच पोच कामी येते.

तोवर तारांच्या खालचा पाला काढून दोन्ही बाजूंना दहा-बारा फुटांचा पट्टा साफ ठेवा. तारा वेगळ्या करायला बांबू लावू नका. ओल्या बांबूतून वीज खाली येते.

आग लागलीच तर सरीत शिरू नका. वाळलेल्या पाल्यात वाऱ्याबरोबर आग माणसापेक्षा वेगाने धावते, आणि सरीत दोन्ही बाजूंना ऊस असल्याने वळायला जागा नसते. जळून गेलेल्या बाजूला उभं राहणं सगळ्यात सुरक्षित. तार खाली पडली असेल तर तीस फूट लांब राहा. जवळ असाल तर ढांगा न टाकता पाय जमिनीला घासत सरका. हेस्कॉमने लाइन बंद केल्याचं सांगेपर्यंत पाणी मारू नका.

जळालेल्या उसाची खबर त्याच दिवशी चिटबॉयला, म्हणजे साखर कारखान्याच्या गावातल्या माणसाला, द्या. साखर उतरत जाते, त्यामुळे तोड एक-दोन दिवसांत व्हायला हवी. पण ऊस तोडण्याआधी तलाठ्याचा पंचनामा आणि फोटो झालेले असू द्या. अग्निशामक ठाण्याचा अहवालही मागून घ्या.

प्रश्न : गावात आग लागली तेव्हा बंबातलं पाणी संपलं आणि गाडी भरायला तालुक्याला गेली. विहीर शंभर फुटांवर होती! (बेळगाव तालुका)

राग समजू शकतो, पण दोष पाण्याच्या खोलीचा आहे. बंबाचा पंप पाणी वर ‘ओढत’ नाही. तो पाइपमधली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब फार तर 10 मीटरपर्यंत पाणी चढवतो. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर असल्यामुळे इथे त्याहून कमी. प्रत्यक्षात 7 मीटर, म्हणजे तेवीस फूट, एवढंच धरून चाला. उन्हाळ्यात तुमच्या विहिरीचं पाणी चाळीस फुटांवर गेलं असेल तर बंबाला ते निरुपयोगी. शिवाय भरलेला बंब दहा टनांच्या वर जातो, तो बांधावरून विहिरीच्या काठाशी नेता येत नाही.

मग बंब भरायचा कसा? गावाच्या पंपाने. विजेच्या मोटारीवर भरवसा नको, कारण आग लागली की पहिल्यांदा लाइनच बंद करतात. कुणाकडे डिझेल इंजिनचा पंप आहे, तो सुरू कोण करतो, डिझेल कुठे असतं, हे आधीच लिहून ठेवा. रस्त्यापर्यंत पुरेल एवढा पाइप हवा. बंबाच्या टाकीचं झाकण वर असतं, तिथवर पाइपचं टोक उचलून धरायला दोन माणसं लागतात. सेकंदाला 10 लिटर देणारा पंप 4,500 लिटरची टाकी साडेसात मिनिटांत भरतो. तालुक्याला जाऊन यायला किती वेळ लागतो, तुम्हीच हिशेब करा.

हे सगळं एकदा करून बघायचं असेल तर ठाण्याला ग्रामपंचायतीचं पत्र द्या. मुंबई गोदीच्या 1944 च्या स्फोटाच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिलला अग्निशमन सप्ताह असतो, त्यात प्रात्यक्षिकं होतात. पण उसाच्या गावांनी एप्रिलची वाट बघू नये, हंगामाआधीच बोलवावं. अधिकारी आले की त्यांना शाळेच्या पटांगणातच थांबवू नका. सगळ्यात अरुंद बोळ दाखवा, खाली आलेल्या केबल दाखवा, विहिरी दाखवा.

प्रश्न : 112 लावला तर फोन महाराष्ट्रात लागला. (निपाणीजवळचं एक गाव)

सीमेवर मोबाइल पलीकडच्या टॉवरला चिकटला की असं होतं. फोन ठेवू नका. पहिल्या वाक्यात ‘कर्नाटक, बेळगाव जिल्हा’, मग तालुका, गाव, जवळची मोठी खूण आणि काय जळतंय ते सांगा. आग सांगायच्या आधी जागा सांगा, म्हणजे मध्येच फोन तुटला तरी पत्ता पोचलेला असतो. जवळच्या अग्निशामक ठाण्याचा थेट नंबर दूध डेअरीच्या भिंतीवर रंगवून घ्या.

प्रश्न : सिलिंडरच्या कड्याखालच्या पट्टीवर ‘बी-27’ असं काय लिहितात? (शहापूर, बेळगाव)

ती पुढच्या चाचणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. बी-27 म्हणजे जून 2027 पर्यंत. मुदत उलटलेला सिलिंडर दारातूनच परत करा. नारिंगी नळी पाच वर्षांनी बदला, तारीख नळीवरच छापलेली असते. वास आला तर रेग्युलेटर बंद करा आणि दारं-खिडक्या उघडा. लाइटचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साठतो, तेव्हा देवघरातली समई आधी विझवा. मग बाहेर येऊन 1906 हा गॅसगळतीचा मदत क्रमांक लावा.