साहेबांना माहीत आहे, असं धरूनच लिही

प्रिय पोरी,

तुमच्या रक्ततपासणीच्या अभ्यासातल्या संमतीच्या फॉर्मांबद्दलचा तुझा तो लांबलचक मेसेज वाचला. बाकी सगळं पटलं, एक वाक्य सोडून. "वरपर्यंत हे पोचलंच नसणार मॅडम, मोठ्या साहेबांच्या कानावर गेलं तर ते एका दिवसात बंद करतील." त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहायला बसले.

धीर वगैरे देत बसत नाही. तुझी नोकरी अकरा महिन्यांच्या करारावरची आहे, भावाची फी तुझ्या पगारातून जाते, हे मला माहीत आहे. आणि चूक-बरोबर तुला शिकवायची गरज असती तर तू राजारामपुरीपर्यंत माझं घर शोधत आलीच नसतीस.

तू दाखवलेला तो संमतीचा फॉर्म माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात आवृत्तीची तारीख छापलेली, आणि वर आजींच्या अंगठ्याशेजारी पेनानं घातलेली तारीख तिच्या तीन आठवडे आधीची. म्हणजे कागद छापून यायच्या आधीच आजींनी त्यावर अंगठा उठवला! साक्षीदाराची सही प्रत्येक फॉर्मवर एकाच पेनाची, एकाच वळणाची. वाडी बदलली तरी साक्षीदार तोच. आणि शाहूवाडीच्या त्या वाडीवर तू आजींना विचारलंस तर त्या म्हणाल्या, सरकारी माणसं रक्त तपासायला येतात, चांगली आहेत बिचारी. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाची संमती घेताना अभ्यासाशी काही संबंध नसलेला, साक्षर साक्षीदार समोर हजर लागतो, हा नियम तुला ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी शिकवला. तो शिकवणारे तुझे साहेबच ना? मग त्या फॉर्मवर तपासल्याची टिकमार्क कुणाची आहे? तुझ्या वर चार माणसं ते गठ्ठे हाताळतात. तुला दोन मिनिटांत दिसलं ते त्या चौघांना दिसलं नाही असं खरंच वाटतं तुला?

त्यांना माहीत आहे. हे धरून चाल आणि मगच पुढचं वाच.

ग्वाटेमालाचं उदाहरण घे. १९४६ ते १९४८ या काळात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेचे डॉ. जॉन कटलर तिथल्या तुरुंगात, लष्करी बराकींत आणि मनोरुग्णालयात माणसांना मुद्दाम गुप्तरोगांची लागण करत होते. तेराशेच्या वर माणसं. मनोरुग्णालयात बर्टा नावाची एक बाई होती. तिला सिफिलिसची लागण केली आणि कित्येक महिने उपचारच दिले नाहीत. २३ ऑगस्टला कटलरनी स्वतःच नोंद केली की ही आता वाचेल असं दिसत नाही. त्याच दिवशी गनोरियाच्या दुसऱ्या रुग्णाचा पू तिच्या दोन्ही डोळ्यांत घातला. चार दिवसांनी ती गेली. हे मी कुणा विरोधकाच्या पुस्तकातून सांगत नाही, त्यांच्याच कागदांतून बाहेर आलेलं आहे.

आता तुझा प्रश्न तिथे लाव. वरच्यांना माहीत होतं का? फेब्रुवारी १९४७ मध्ये रॉबर्ट कोटनी या सहकाऱ्यानं कटलरना पत्रानं कळवलं की सर्जन जनरल थॉमस पारान यांना तुमच्या कामात फार रस आहे, आणि डोळ्यांत मिश्कील चमक आणून ते म्हणाले, असा प्रयोग आपल्याला या देशात करता आला नसता. सर्जन जनरल म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा सर्वोच्च माणूस. आणि हे पारान कुणी ऐरेगैरे नव्हेत. रेडिओवर सिफिलिस हा शब्द उच्चारू देईनात म्हणून १९३४ मध्ये भाषणच न करता निघून आलेला माणूस. त्या रोगाविरुद्ध उभं आयुष्य घातलेला. तुझ्या साहेबांबद्दल तू लिहितेस ना, "सर मनानं खूप चांगले आहेत, आदिवासी भागात वर्षं काढली आहेत"? असतील. पारानही चांगलेच होते. चांगुलपणा आणि माहीत असणं यांचं एकमेकांशी भांडण नसतं, पोरी.

पुढच्या वर्षी, एप्रिल १९४८ मध्ये, आर. सी. अर्नॉल्ड या दुसऱ्या वरिष्ठानं कटलरना लिहिलं की मनोरुग्णांवरच्या प्रयोगाची मला धास्ती वाटते, ती माणसं संमती देऊ शकत नाहीत, काय चाललंय हे त्यांना कळतही नाही. वाचताना वाटतं, चला, एकाला तरी जाग आली. पण पुढेच म्हणतो, कुठल्या तरी भल्या लोकांच्या संस्थेला सुगावा लागला तर बोंबाबोंब होईल. संमती नाही हेही कळत होतं आणि बोंब होईल हेही कळत होतं. अर्नॉल्डनी हे लिहिलं त्याच्या आठ महिने आधीच न्यूरेंबर्गला अमेरिकन न्यायाधीशांनी जर्मन डॉक्टरांना शिक्षा ठोठावल्या होत्या, संमतीशिवाय माणसांवर प्रयोग केले म्हणून.

आणि हे सगळं आपल्याला कसं कळलं? कटलरनी आपले कागद पिट्सबर्ग विद्यापीठाला देऊन टाकले होते, त्यात सुझन रेव्हर्बी या इतिहासाच्या प्राध्यापिकेला सापडले. २०१० मध्ये ओबामांनी ग्वाटेमालाच्या अध्यक्षांना फोन करून माफी मागितली. कोटनींनी तो निरोप तोंडी दिला असता तर आज पारानना काही माहीत नव्हतं असंच आपण म्हणत बसलो असतो.

म्हणून सांगते, लिहून दे. वरच्यांना कळावं म्हणून लिहायचं नसतं, ते त्यांना कळलेलं असतंच. कधी कळलं होतं त्याची तारीख राहावी म्हणून लिहायचं. लिहून दे आणि पोच घे. आवक क्रमांक पडल्याशिवाय टेबलावरून हलू नकोस.

तुला वाटेल, पत्रानं काय होतंय? टस्कीगीचं बघ. अलाबामात १९३२ पासून याच अमेरिकी आरोग्य सेवेचे डॉक्टर ३९९ कृष्णवर्णीय माणसांचा सिफिलिस बिनउपचारांचा नुसता बघत बसले, पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही. १९६५ मध्ये अर्विन शॅट्झ नावाच्या तरुण डॉक्टरनं त्या अभ्यासाचा छापील निबंध वाचला आणि लेखकांना जेमतेम तीन वाक्यांचं पत्र टाकलं. तिकडे त्यावर शेरा पडला: असलं पत्र पहिलंच आलं आहे, उत्तर द्यायचा विचार नाही. आणि पत्र फाईलला लागलं. (फाडलं नाही बघ. सरकारी माणूस उत्तर देणार नाही, पण कागद फाडायलाही त्याचा हात धजत नाही. आपलं नशीब!) पुढे पीटर बक्स्टन या त्याच खात्यातल्या कर्मचाऱ्यानं १९६६ मध्ये लेखी हरकत घेतली. त्याला अटलांटाला बोलावून झापलं. झापणाऱ्यांत कोण होतं ठाऊक आहे? हेच कटलर. बक्स्टननं १९६८ मध्ये पुन्हा लिहिलं. १९६९ मध्ये खात्यानं तज्ज्ञांची बैठक भरवली, आणि तज्ज्ञांनी अभ्यास चालू ठेवायचं ठरवलं! शेवटी १९७२ मध्ये त्यानं कागद वार्ताहरांकडे दिले, तेव्हा बंद पडलं. सहा वर्षं. पण त्यानंतर एकाही अधिकाऱ्याला "आमच्यापर्यंत आलंच नाही" असं म्हणायची सोय उरली नाही.

हे सगळं गोऱ्या साहेबांचं झालं, आपल्याकडे असं नसतं, असं म्हणणार असशील तर आपल्याकडचं ऐक. दिल्लीत १९७६ ते १९८८ या काळात आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, संस्थेनं गर्भाशयमुखाच्या पेशींत बदल दिसलेल्या १,१५८ बायकांवर नुसती नजर ठेवली. रोग पुढे कसा सरकतो ते बघायचं होतं. एकाहत्तर जणींना कर्करोग झाला. १९९७ मध्ये बातमी फुटली तेव्हा परिषदेकडून उत्तर आलं की त्या काळी लेखी संमतीची पद्धत नव्हती. म्हणजे कुणालाच काही माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

आणि २००९-१० मधला, तेव्हाच्या आंध्रातल्या खम्ममचा आणि गुजरातमधल्या वडोदऱ्याचा, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लसीचा प्रकल्प. लस वाईट नव्हती, हे आधी सांगते. माझ्या भाचीला मीच ती द्यायला लावली. त्या प्रकल्पात लस घेतलेल्या काही मुली दगावल्या, त्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशी समितीलाही आढळला नाही. पण संमतीचं काय? आंध्रात तपासलेल्या ९,५४३ फॉर्मपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या. वॉर्डननं मुलींच्या वतीनं सह्या कराव्यात हे वॉर्डनला स्वप्नात सुचलं नव्हतं. संसदेच्या स्थायी समितीचा २०१३ चा अहवाल वाच, कुणीकुणी डोळेझाक केली ते त्यात आहे. हे आकडे कुठून आले? कुणीतरी फॉर्म जपून ठेवले आणि कुणीतरी बसून मोजले.

तू विचारलंस, तुम्ही असता तर काय केलं असतं. असता तर कशाला, होतेच की. मी समाजसेवा अधीक्षक होते, आणि एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरचे अभ्यास नीतीला धरून आहेत ना ते तपासणाऱ्या समितीवर, समाजशास्त्राची सदस्य म्हणून बसायचे. नाव लिहीत नाही, तूही तर्क करू नकोस. बाळंतपणाला आलेल्या बायकांचं तपासणीसाठी जादा रक्त घ्यायचा एक सरकारी अभ्यास आला. संमती कधी घेणार विचारलं, तर दाखल झाल्यावर. म्हणजे कळा सुरू असताना. मी म्हटलं, कळा देणारी बाई कशालाही हो म्हणेल, आठव्या महिन्यात तपासणीला येते तेव्हा विचारा. अध्यक्ष म्हणाले, मॅडम, तुमची सूचना विचारात घेतली असं लिहूया. मी म्हटलं, विचारात घेतलेली नाही, फेटाळलेली आहे, तसं इतिवृत्तात लिहा आणि पुढे माझं नाव घाला. अर्धा तास त्यावरून वाद. चहा गार झाला. शेवटी दोन ओळी आल्या. अभ्यास ठरल्याप्रमाणे झाला. माझी कमिटीवरची मुदत संपल्यावर पुन्हा बोलावणं आलं नाही.

लोक मला आडमुठी म्हणतात. माझ्या जुन्या मैत्रिणीसुद्धा. दोन ओळींनी काय साधलं तुझ्या, असं तोंडावर विचारतात. काय साधलं? अभ्यास थांबला नाही, हे खरंच. पेपरात गेले असते तर थांबला असता का? नसता. दुसऱ्या दिवशी खुलासा आला असता आणि मी खोटी ठरले असते. थांबलाही असता कदाचित. पण ते इतिवृत्त आजही कुठल्यातरी कपाटात आहे, आणि "एकमतानं मंजूर" हे शब्द त्यात नाहीत. हे मी माझ्या समाधानासाठी सांगतेय असं तुला वाटेल, तर वाटू दे. मला एकाच गोष्टीची हळहळ आहे. त्या बायकांतल्या एकीलाही मी नंतर भेटू शकले नाही. नावं गोपनीय, आणि तो नियम मोडायचा नाही हे मीच इतरांना शिकवत होते.

आपल्या कोल्हापूरला कागदाचं मोल कळत नाही असं कुणी म्हणू नये. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांना नोकरीत पन्नास टक्के जागांचा हुकूम काढला तो आपण दरवर्षी आठवतो. पण त्यातच खातेप्रमुखांनी नेमणुकांचं तिमाही पत्रक सादर करावं असंही होतं, ते कुणी आठवत नाही. महाराजांना अधिकाऱ्यांची चांगली पारख होती. "मला माहीत नव्हतं" म्हणायला त्यांनी कुणाला जागाच ठेवली नाही.

तर आता काम. एक पानाचं पत्र. एथिक्स कमिटीच्या सदस्य सचिवांच्या नावे, प्रत प्रकल्पप्रमुखांना. अनैतिक, अमानुष, धक्कादायक असला एकही शब्द नको. किती फॉर्मवर सहीची तारीख छपाईच्या आवृत्तीआधीची आहे, किती वाड्यांवर साक्षीदार एकच आहे, तू कधी कुणाला तोंडी सांगितलंस आणि काय उत्तर मिळालं, एवढंच. आजींचं नाव, फोटो, फॉर्मची छायाप्रत काहीही जोडायचं नाही, फक्त फॉर्मचे क्रमांक. आणि मोबाईलमध्ये जे फोटो काढून ठेवलेस ते मला पुन्हा पाठवू नकोस, कुणालाच पाठवू नकोस. रुग्णाची ओळख तुझ्या हातून फुटली तर उद्या बोट तुझ्याकडेच. व्हॉट्सॲपवर यातलं अक्षर नको. "सरांना वाईट वाटेल" हे तर पुन्हा तोंडातून काढूच नकोस, आजींना काय वाटेल याची आजवर कुणी दखल घेतली आहे का आधी बघ.

साहेब बोलावतील. गोड बोलतील, म्हणतील मला आधी सांगायचंस की, मी लगेच बघितलं असतं. तेव्हा हो म्हण, आणि त्या बोलण्याचीही तारीख घालून दुसरं पत्र दे.

करार पुढे वाढवणार नाहीत, बहुतेक. ते मी नाकारत नाही. दोन-तीन ठिकाणी माझा शब्द अजून चालतो, ते बघते; पण त्या भरवशावर लिहू नकोस.

मसुदा रविवारपर्यंत मला वाचायला दे, विशेषणं मी खोडते. सोमवारी साडेदहाला आवक विभागात जा, दोन प्रती घेऊन. तिथला क्लार्क म्हणेल ठेवून जा, शिक्का नंतर मारतो. बसून राहा.

तुझी,
मॅडम