मुलीला शाश्वत शेती शिकायचीय: डिग्री कोणती, पुढे काम कोणतं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी विज्ञानला, चारही विषय घेतलेली. घरचा चार एकर ऊस, त्यातलं एकरभर रान क्षारांनी पांढरं पडलेलं. मुलीला ‘शाश्वत शेती’च शिकायची आहे आणि पाहुणे म्हणतात, शेतीच करायची तर कॉलेज कशाला? एका संस्थेने सेंद्रिय शेतीच्या एक वर्षाच्या पदविकेसाठी मोठी फी सांगितली आहे. ती भरावी का आणि पुढे पोटापाण्याचं काय, असं त्यांनी विचारलं आहे.

सप्रेम नमस्कार,

पदविकेचे पैसे आत्ता भरू नका. बँकेतलं कृषी अधिकारी पद असो, लोकसेवा आयोगाची कृषी सेवा असो की एम.एस्सी., सगळीकडे आधी चार वर्षांची कृषी पदवी मागतात. ती हातात असली की सेंद्रिय शेतीचे छोटे अभ्यासक्रम नंतर कधीही करता येतात. उलटा क्रम लावला तर वर्षही जातं आणि पैसेही.

त्यामुळे पहिली पसंती बी.एस्सी. ऑनर्स कृषी. ‘शाश्वत शेती’ हे नाव पदवीवर दिसलं नाही तरी बिघडत नाही. शेतीपद्धती व शाश्वत शेती, सेंद्रिय शेतीची तत्त्वं, समस्यायुक्त जमिनींचं व्यवस्थापन हे विषय याच अभ्यासक्रमात असतात. कोल्हापुरात राजर्षी छत्रपती शाहू महाराज कृषी महाविद्यालय आहे, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी लागते आणि गणिताचा किंवा जीवशास्त्राचा, कोणताही गट चालतो. तरी मुलीला गणित सोडू देऊ नका. पाणी आणि निचऱ्याच्या कामात तिचं मन रमलं, तर राहुरीला कृषी अभियांत्रिकीचं बी.टेक. आहे आणि तिथे गणित लागतं.

खासगी कॉलेज घ्यायची वेळ आली तर इमारत बघून ठरवू नका. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती चालू आहे का, हे कागदावर बघा. मग माती प्रयोगशाळेत जाऊन विचारा: फ्लेम फोटोमीटर चालू आहे का, शेवटचा नमुना कधी तपासला? पालाश (पोटॅशियम) आणि सोडियम मोजायला हेच यंत्र लागतं. ते कपाटात झाकून ठेवलं असेल, तर तुमच्या मुलीला ज्या विषयाची ओढ आहे तो तिथे फळ्यावरच शिकवला जाणार.

आता पाहुण्यांचा प्रश्न. त्याचं उत्तर तुमच्याच रानात आहे.

पांढरं पडलेलं रान सगळं एका जातीचं नसतं. विद्युत वाहकता (मातीत विरघळलेले क्षार किती, याचं माप) 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू (पीएच) 8.5 च्या खाली असेल, तर जमीन क्षारयुक्त. सामू 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, 15 टक्क्यांच्या वर असेल, तर ती चोपण. काही रानांत क्षार आणि सोडियम दोन्ही वाढलेले असतात. क्षारयुक्त जमिनीला निचरा करून गोड्या पाण्याने धुवायचं असतं, चोपण जमिनीला त्याआधी चिकटलेला सोडियम सोडवायला जिप्सम लागतो. दोन्ही दोष असलेली जमीन जिप्समशिवाय नुसती धुतली, तर क्षार निघून जातात, सोडियम मागे राहतो आणि माती पूर्वीपेक्षा घट्ट होते. जिप्सम टाकला पण निचरा नाही केला, तर सुटलेल्या सोडियमला बाहेर जायला वाट नसते. शेतकऱ्याचा खर्च वाया जातो तो बहुतेक इथेच. शिवाय वर दिलेला 4 चा आकडा संपृक्त अर्काचा, म्हणजे माती पाण्याने पुरती भिजवून काढलेल्या अर्काचा आहे. आपल्याकडच्या प्रयोगशाळा बहुधा 1 भाग माती, 2.5 भाग पाणी या द्रावणात मोजतात आणि तिथे आकडा बराच कमी येतो. अहवाल हातात घेऊन हा फरक ओळखणारा माणूस गावात असणं, यासाठी कॉलेज.

नमुना घेतानाच अर्धी चूक होऊन जाते. पांढरा पट्टा आणि चांगलं रान यांची माती एकत्र केली, तर सरासरी येते आणि ती दोन्हीकडे खोटी ठरते. पांढऱ्या पट्ट्यात 0 ते 30, 30 ते 60 आणि 60 ते 90 सेंटिमीटर असे तीन थर वेगळे काढा. बांध, उकिरडा आणि नुकतं खत टाकलेली जागा टाळा. हे काम मुलीला या सुट्टीतच करू द्या. यात तिला गोडी वाटली, तर निवड बरोबर आहे असं समजा.

‘शाश्वत’ म्हणजे ‘सेंद्रिय’ असंही धरून चालू नका. खोडव्यातलं (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसातलं) पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं घ्या, हेक्टरी 8 ते 10 टन निघतं. ते न जाळता सरीत ठेवताना टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन अशी शिफारस आहे. युरिया कशाला? पाचटात कर्ब भरपूर, नत्र अगदी कमी. कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात, खोडव्याचे फुटवे पिवळे पडतात, आणि पुढच्या वर्षी शेतकरी परत काडी लावतो. हा युरिया सेंद्रिय प्रमाणीकरणात चालणार नाही, पण त्याने जमिनीत कर्ब टिकतो. मुलीला यातलं नेमकं काय शिकायचं आहे, हे तिच्याशी बसून बोला.

सेंद्रियच म्हणाली, तरी काम आहे. निर्यातीसाठीच्या एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) प्रमाणीकरणात शेतकऱ्यांचा गट असतो आणि गटाची अंतर्गत तपासणी करायला प्रशिक्षित माणसं लागतात. हंगामी पिकाला पेरणीआधी 2 वर्षं, फळबागेसारख्या पिकाला पहिल्या काढणीआधी 3 वर्षं रूपांतराचा काळ जातो, आणि तेवढी वर्षं नोंदवही रोजच्या रोज लिहिलेली असावी लागते. शेजारच्या बांधावरून तणनाशक उडून येणं, वही एका रात्रीत भरणं, या नेहमीच्या अडचणी. आपल्या भागात गुऱ्हाळाची आणखी एक. ऊस सेंद्रिय असला, तरी रस भेंडीच्या चिकाऐवजी हायड्रॉस या रसायनाने साफ केला किंवा आधी साध्या उसाचा रस उकळलेली कढई न धुता तिच्यात पुढचं आधण (रसाची खेप) चढवलं, तर गूळ सेंद्रिय राहत नाही. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे ही साखळी सांभाळणाऱ्यांची गरज इथेच मोठी आहे.

नोकऱ्यांचं म्हणाल, तर साखर कारखान्यांचे ऊस विकास विभाग, जैविक खतं बनवणारे कारखाने, कृषी विज्ञान केंद्रं (जिल्ह्यात तळसंदे आणि कणेरी इथे आहेत), शेतकरी उत्पादक कंपन्या. उत्पादक कंपनीत जाताना मात्र एक बघा: केंद्राच्या 2020 च्या योजनेत व्यवस्थापनाच्या पगाराला 3 वर्षंच मदत मिळते. त्यानंतर कंपनी स्वतःच्या उलाढालीवर पगार देऊ शकेल का, हे ताळेबंद मागून तपासा. क्षारपड सुधारणेत रस असेल, तर तुमच्या तालुक्यातच श्री दत्त कारखान्याच्या पुढाकाराने भूमिगत निचऱ्याचं काम झालं आहे. सच्छिद्र पाइप साधारण 1 ते 1.5 मीटर खोल जातात, पाणी शेजाऱ्यांच्या रानाखालून ओढ्यापर्यंत न्यावं लागतं. म्हणून लेव्हल घेणारा आणि दहा शेतकऱ्यांना एका कागदावर आणणारा, अशी दोन्ही कामं जमणारी माणसं हवी असतात. संशोधनाकडे जायचं तर मृदविज्ञान किंवा कृषिविद्येत (अॅग्रोनॉमी) एम.एस्सी.

स्वतःचं काही करायचं म्हटलं, तर केंद्राच्या अॅग्री क्लिनिक योजनेत कृषी पदवीधरांना 45 दिवसांचं मोफत निवासी प्रशिक्षण मिळतं. एकट्याच्या 20 लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला महिलांसाठी 44 टक्के अनुदान आहे. कर्ज बँक देते, तेव्हा प्रकल्प अहवाल मुलीने स्वतः लिहावा, विकत घेऊ नये.

सुरुवातीचा पगार बेताचाच असेल आणि फिरती असेल. मुलगी म्हणून तिला प्रयोगशाळेतच बसवायचा विचार करू नका. पहिली दोन वर्षं बांधावर काढलेली असली, की पुढे तपासणीस, बँक अधिकारी, संशोधक कुठेही तिच्या शब्दाला वजन येतं. चौथ्या वर्षी ‘रावे’ म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव असतो. बॅनर धरून फोटो काढून तो उरकणारे पुष्कळ असतात. तिने एकाच शेतकऱ्याच्या एका प्लॉटचा पूर्ण हिशेब ठेवावा: माती, पाणी, खत, मजुरी, उतारा. मुलाखतीत ती वही उपयोगी पडते.

दुचाकी चालवायला आत्ताच शिकवा. सातबारा, जातीचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर आत्ताच काढून ठेवा. शेतकरी कुटुंबाला प्रवेशात मिळणाऱ्या भारांकाची (जादा गुणांची) अट त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा. सातबारा आजोबांच्या नावावर असेल, तर वारसनोंदीला वेळ लागतो. निकाल लागल्यावर तलाठ्याकडे धावण्यापेक्षा याच महिन्यात अर्ज द्या.