एसएसडी काठोकाठ भरू नका

प्रश्न : मी लग्नांचे व्हिडिओ करतो. ५०० जीबीच्या एसएसडीवर जेमतेम १५ जीबी उरलेत. फायली कॉपी होताना वेग मधेच कोसळतो. थोडी जागा पार्टिशनबाहेर, म्हणजे ड्राइव्हच्या वापरात असलेल्या भागाबाहेर, ठेवू का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : बिघाडापेक्षा दाटीचीच शक्यता मला जास्त वाटते. एसएसडीच्या चिपमधल्या फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या पानावर (साठवणुकीच्या छोट्या तुकड्यावर) थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं, आणि पुसायचा तो अख्खा ब्लॉक, म्हणजे अनेक पानांचा गठ्ठा. मोकळी जागा नसली की कंट्रोलर (ड्राइव्हचा कारभार पाहणारी चिप) कामाची पानं इकडून तिकडे हलवत बसतो. तुम्ही १ जीबी लिहिता, चिपवर त्याहून बरंच जास्त लिहिलं जातं. वेग जातो, आयुष्यही झिजतं. शिवाय अनेक ड्राइव्ह मोकळ्या जागेचाच वेगवान कॅशे, म्हणजे लिहितानाचा तात्पुरता साठा, करतात.

७५ ते १०० जीबी रिकामे ठेवा. त्यासाठी पार्टिशन लहान करायची गरज नाही. ट्रिम (खोडलेल्या फायलींची जागा मोकळी झाल्याचं ड्राइव्हला कळवणारी सोय) चालू असेल तर साधी मोकळी जागाही तेच काम करते. विंडोजमधलं ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ एकदा चालवा. जुनी लग्नं हार्ड डिस्कवर हलवा, पण दोन प्रती करूनच. त्या लोकांच्या आठवणी आहेत. तुळशीच्या लग्नानंतर तुमचा हंगाम सुरू होईल, त्याआधीच हे उरका.