गाडी उभी असली तरी मुदत चालूच असते

एका वाचकाचे साडेतीन पानांचे पत्र आले आहे आणि त्यातली तीन पाने वॉरंटी पुस्तिकेतल्या एकाच ओळीवर खर्च झाली आहेत. टर्बो डिझेल पिकअप, साडेचार वर्षांत जेमतेम 8,400 किलोमीटर चाललेली. वॉरंटी तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर. एकतिसाव्या महिन्यात टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, शिट्टी मारू लागला, मागून निळसर धूर, गाडीची ओढ गेली. वर्कशॉपने तपासून जॉब कार्ड, म्हणजे तक्रारीची नोंद, केले. महिन्याभराने कंपनीचा ईमेल आला: सर्व्हिसिंग दर दहा हजार किलोमीटरला किंवा बारा महिन्यांनी, जे आधी होईल ते, करायचे होते, तुम्ही पहिल्या मोफत सर्व्हिसिंगनंतर एकदाही आला नाहीत, सबब वॉरंटी लागू नाही. वाचक विचारतात, "गाडी चाललीच नाही तर सर्व्हिसिंग कशाचे? ही अट कोर्टात टिकेल का?"

पिकअपच्या जागी जनरेटर किंवा घरातली दुसरी कार घातली, की हेच पत्र मला वर्षातून पाच-सहा वेळा येते. वस्तू फारशी वापरली नाही म्हणजे ती नवीच राहिली, असा सगळ्यांचा समज. त्यामुळे "जे आधी होईल ते" म्हणजे काय, हे मी पुन्हा समजावत बसत नाही. तुम्ही ते वाचले होते, फक्त सोयीने वाचले.

अटीचा प्रश्न नंतरचा. तुमच्या प्रकरणाचा निकाल एका तारखेवर लागणार आहे आणि ती पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात, जाता जाता आली आहे. कंपनीचा नकार येऊन बावीस महिने झाले. जॉब कार्ड झाले त्याला तेवीस महिने उलटून वर काही दिवस.

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69. दाव्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. ती झाली नाही तर ग्राहक आयोगाने तक्रार घ्यायचीच नाही, असे कलमाचे शब्द आहेत. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढलाच नाही तर निभावून जाईल, या आशेवरही राहू नका. 1986 च्या जुन्या कायद्यात हीच तरतूद कलम 24 अ मध्ये होती आणि तक्रार मुदतीत आहे की नाही हे आयोगाने स्वतःहून तपासलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्टेट बँक विरुद्ध बी. एस. ॲग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या निकालात स्पष्ट सांगितले आहे.

आता दोन वर्षे कधीपासून मोजायची? मी तुमचा वकील असतो तर म्हटले असते, नकार आला त्या दिवशी कारण घडले. कंपनीचा वकील म्हणेल, दोष तुम्हाला जॉब कार्डाच्या दिवशीच कळला होता, तेव्हापासून मोजा. दोन्ही बाजूंनी बोलता येते, आणि बोलता येते म्हणूनच त्या वादात पडायचे नाही. वाईटात वाईट तारीख धरायची आणि तिच्या आत तक्रार दाखल करायची. त्या हिशेबाने तुमच्या हातात साधारण तीन आठवडे आहेत. दोन महिने नाहीत.

"पण मी सतत पाठपुरावा करत होतो," असे तुम्ही लिहिले आहे आणि चौदा ईमेलची यादी जोडली आहे. त्या चौदा ईमेलनी मुदत एका दिवसानेही वाढलेली नाही. आपण पत्रे लिहीत राहिलो म्हणून घड्याळ थांबत नाही. समोरच्याने मुदतीच्या आत, लेखी आणि सहीनिशी आपली जबाबदारी मान्य केली असती, तर वेगळा युक्तिवाद करता आला असता. "प्रकरण वरिष्ठांकडे पाठवले आहे" या वाक्यात जबाबदारीची कबुली नाही, शिष्टाचार आहे. त्या शिष्टाचारावर तुम्ही जवळजवळ दोन वर्षे काढलीत. वकिलाची नोटीस आधी पाठवावी का, असेही विचारले आहे. पाठवायची तर आजच पाठवा, पण उत्तराची वाट पाहू नका. अशा तक्रारीला आधी नोटीस दिलीच पाहिजे असे कायद्यात कुठेही नाही.

कोविडकाळात सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला होता, त्याचाही आधार तुम्ही शोधला आहे. तुमचे जॉब कार्ड त्यानंतरचे आहे. तो विषय सोडून द्या.

तक्रारीसोबत विलंबमाफीचा अर्जही जोडा, "विलंब झाला आहे असे ठरल्यास" अशा शब्दांत. कलम 69 मध्येच त्याची सोय आहे. पुरेसे कारण असेल तर आयोग ते नोंदवून तक्रार घेऊ शकतो. पण हा अर्ज म्हणजे छत्री आहे, छप्पर नव्हे. "कंपनी काहीतरी करेल असे वाटले" हे कारण मी दोन आयोगांपुढे चाललेले पाहिले आहे आणि त्याहून जास्त ठिकाणी पडलेले. एक गंमत मात्र सांगतो. तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाल्यावर कंपनीला लेखी उत्तरासाठी 30 दिवस आणि वर जास्तीत जास्त 15 दिवस मिळतात. त्यापुढे एक दिवसही वाढवून देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये ठरवले आहे. तेव्हा तक्रार लागली की तारखांची वही नीट ठेवा. या एका ठिकाणी उशिराचा फायदा तुम्हाला मिळू शकतो.

आता अटीबद्दल. इथे मी ठाम बोलणार नाही. चुकलेल्या अटीचा बिघाडाशी संबंध नसेल तर केवळ तेवढ्यावर वॉरंटी नाकारू नये, हा युक्तिवाद चांगला आहे. सर्व्हिसिंग चुकले म्हणून कोणी काच वर-खाली करणारी मोटर नाकारली असती, तर मी आनंदाने भांडलो असतो. पण टर्बो आणि ऑइल यांचे नाते फार जवळचे आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइल किलोमीटरने जुने होते तसे काळानेही होते. त्यात ओलावा आणि आम्ल साचते. म्हणून तर पुस्तिकेत महिन्यांची अट असते.

त्यातच तुम्ही सातव्या ईमेलमध्ये स्वतः लिहून दिले आहे की "दर रविवारी दहा मिनिटे इंजिन चालू करून ठेवत होतो, अजूनही ठेवतो". तुम्हाला वाटले, ही काळजी घेतल्याची नोंद. कंपनीचा तज्ज्ञ याच वाक्यावर बोट ठेवेल. जागेवरच दहा मिनिटे चालवून इंजिन पुरते तापत नाही, आत धरलेले पाणी उडून जात नाही, ते ऑइलमध्येच राहते; आणि टर्बोच्या झडपांवर काजळी बसते ती वेगळीच. ईमेल आता परत घेता येणार नाही. रविवारचा कार्यक्रम मात्र आजपासून बंद करा, कारण दोष असलेला टर्बो फिरवत राहणे म्हणजे आपलाच पुरावा झिजवणे.

पुरावा म्हणजे तोच टर्बो. दुसऱ्या गॅरेजमध्ये तो बदलून घेऊन मग खर्च मागण्याचा तुमचा विचार आहे. आत्ता नको. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद कलम 38 मध्ये आहे, अहवालाला 45 दिवस. त्यासाठी अर्ज तक्रारीसोबतच द्या. भाग एकदा भंगारात गेला की उरते तुमचे शपथपत्र विरुद्ध त्यांचे शपथपत्र. दोष मूळ बनावटीतला निघाला, म्हणजे तेलाची नळी किंवा सील पहिल्यापासून सदोष होते असे अहवालात आले, तर सर्व्हिसिंगची अट आपोआप मागे पडते. अहवाल उलट आला तर काय, हे तुम्हीच ओळखा.

"अट अन्यायकारक करार ठरवून रद्द करून घ्या", असा सल्ला तुम्हाला कोणीतरी दिला आहे. अन्यायकारक कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाच्या कक्षेत येत नाही, ती राज्य आयोगापुढे करावी लागते. तीन आठवडे उरलेले असताना चुकीच्या दारात उभे राहण्याची हौस परवडणारी नाही. सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी, एवढेच मांडा. उत्पादन दायित्वाचे, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या हानीच्या भरपाईचे, प्रकरणही लावू नका. वस्तूचे स्वतःचेच झालेले नुकसान त्या हानीच्या व्याख्येत बसत नाही. उत्पादक आणि विक्रेता, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते आणि ऑनलाइनही.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि तिनेच मला अस्वस्थ केले आहे. नोंदणी कोणाच्या नावावर आहे? फर्मच्या नावावर असेल, मालवाहू म्हणून असेल, तर "व्यापारी हेतूने घेतली, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही" हा पहिला आक्षेप येईल. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगाराने वापरलेल्या वस्तूला कायद्यात सूट आहे, पण महिन्याकाठी दीडशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीवर उपजीविका होते हे पटवणे सोपे नाही. घरगुती वापरासाठी, स्वतःच्या नावावर असेल तर काळजी कमी. आरसी पाहिल्याशिवाय मी पुढे बोलणार नाही.

विमा कंपनीकडे जाण्यात अर्थ दिसत नाही. साध्या मोटार पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. पॉलिसी चालू आहे का तेवढे बघा.

किती दिवस लागतील? तपासणी लागणाऱ्या तक्रारीचा निकाल पाच महिन्यांत लागावा, असे कायदा म्हणतो. मी पक्षकारांना हा आकडा सांगणे सोडून दिले आहे. आयोगावर सदस्य नेमलेले असणे, प्रयोगशाळेचा अहवाल वेळेत येणे आणि समोरच्या वकिलाची तब्येत ठणठणीत असणे, हे तिन्ही योग एकाच वर्षी जुळलेले मी क्वचितच पाहिले आहेत.

जॉब कार्ड सापडत नाही म्हणता. वर्कशॉपच्या संगणकात त्याची नोंद असते. उद्या सकाळी स्वतः जाऊन प्रत मागा, दिली नाही तर तिथेच बसून ईमेल करा. त्यावरची तारीख मला कळवा. ती तुमच्या आठवणीपेक्षा एखाद्या महिन्याने जरी आधीची निघाली, तर वर मोजलेले तीन आठवडे केव्हाच संपलेले असतील, आणि मग नकाराच्या तारखेचा वाद आणि विलंबमाफीचा अर्ज एवढ्यावरच लढावे लागेल.